पायाखालची जमीन : लक्ष्मणराव किर्लोस्करांचे स्थलांतर

१/ आष्ट्याहून अंकलखोपकडे जाऊन कृष्णा ओलांडली की भिलवडी लागते. तेथून थोडे पुढे पलूसजवळ पुणे–मिरज लोहमार्गावर एक स्थानक आहे. आज त्याचे नाव किर्लोस्करवाडी. १९१० पूर्वी ते 'कुंडल रोड' या नावाने ओळखले जाई आणि त्याच्या भोवती निवडुंग व साप यांखेरीज नाव घेण्यासारखे काही नव्हते. या माळावर कारखाना उभारणारा मनुष्य या मुलखातला नव्हता. तो आला तेव्हा चाळिशी ओलांडलेला होता. चित्रकला सुटली होती, नोकरी सुटली होती आणि आता कारखान्याची जागाही गेली होती. त्या मनुष्याची, आणि दर वेळी त्याला उभे राहायला जमीन कोणी दिली याची ही हकीकत.

२/ लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. आडनावातच स्थलांतराची खूण आहे. कोकणातील किर्लोस या गावावरून ते आले, आणि घराणे पिढ्यांपूर्वी घाट चढून कानडी मुलखात स्थिरावले. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर याच गुर्लहोसूरचे. लक्ष्मणरावांचे वडील वेदान्ताचे अभ्यासक होते. अशा घरातील मुलाने शिकावे आणि सरकारी नोकरीत शिरावे, हा त्या काळचा रूढ मार्ग होता. या मुलाचे लक्ष मात्र पुस्तकापेक्षा चित्रांत आणि यंत्रांत अधिक रमे.

३/ १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईस गेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. चित्रकार होण्यासाठी मुलाने मुंबई गाठणे घरच्यांना सहज पटण्यासारखे नव्हते. वडील बंधू रामूअण्णा मात्र धाकट्याच्या पाठीशी उभे राहिले आणि शिक्षणाचा खर्च त्यांनी उचलला. या कथेत रामूअण्णांचे नाव पुढे वारंवार येईल. लक्ष्मणरावांच्या चरित्रातून हा एक मनुष्य वगळला, तर चरित्र पहिल्याच पानावर थांबते.

४/ सुमारे दोन वर्षांनी पहिला आघात झाला. लक्ष्मणरावांना रंगांधत्व असल्याचे निष्पन्न झाले. काही रंगांमधील भेद त्यांच्या डोळ्यांना कळत नसे. चित्रकाराच्या बाबतीत हा निकाल अखेरचा होता. ना त्यात कोणाचा दोष, ना त्यावर उपाय. रंग गेले, पण रेषा राहिली. यंत्रांची रेखाटने करण्यासाठी रंगांची गरज नसते. लक्ष्मणराव त्या विषयाकडे वळले आणि त्यात पारंगत झाले.

५/ १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे पुढे 'व्हीजेटीआय' म्हणून प्रसिद्ध झालेली संस्था, स्थापन झाली. तेथे लक्ष्मणरावांना यांत्रिक रेखाटन शिकविण्याची नोकरी मिळाली. शिकवून उरलेला वेळ ते संस्थेच्या कार्यशाळेत घालवीत. यंत्र खोलणे, त्याचे मर्म समजून घेणे आणि ते पुन्हा जोडणे हे त्यांचे खरे शिक्षण येथे झाले. कोणत्याही पदवीच्या कागदावर या शिक्षणाची नोंद नाही. मात्र पुढची पन्नास वर्षे ते याच पुंजीवर जगले.

६/ त्याच सुमारास, १८८८ मध्ये, बेळगावात 'किर्लोस्कर ब्रदर्स' या नावाने सायकलींचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून पाठवीत आणि रामूअण्णा बेळगावात त्या विकत व दुरुस्त करीत. त्या काळी सायकल हे मोजक्या धनिकांना आणि अधिकाऱ्यांनाच परवडणारे वाहन होते, त्यामुळे गिऱ्हाईक थोडे होते. व्यवसाय जगण्यापुरता चाले, वाढण्यापुरता नव्हे. तरीही दोन भावांच्या नावाची पाटी एकदा लागली ती लागली. पुढे जागा बदलली, माल बदलला, पाटी तीच राहिली.

७/ मुंबईतील नोकरीत लक्ष्मणरावांना बढती मिळण्याची वेळ आली, तेव्हा ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. वसाहतीच्या राजवटीत यात नवल काहीच नव्हते. असंख्य सुशिक्षित हिंदी नोकरांनी असा अपमान गिळला आणि निवृत्तिवेतनापर्यंत दिवस काढले. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली. हा निर्णय धाडसाचा होता हे खरे. पण परतण्यासाठी बेळगावात भावाचे चालते दुकान होते, हेही तितकेच खरे. स्वाभिमानालाही टेकायला एखादी भिंत लागते.

८/ बेळगावात आल्यावर लक्ष्मणरावांनी शेतीच्या अवजारांकडे लक्ष वळविले. या देशात यंत्राचा सर्वांत मोठा संभाव्य ग्राहक शेतकरी आहे, हे त्यांनी ओळखले होते. पहिले अवजार वैरण कापण्याचे यंत्र होते. त्यानंतर १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार झाला. इंग्लंडहून येणारे लोखंडी नांगर बाजारात होते, पण ते महाग होते आणि त्यांचा सुटा भाग मोडला तर विलायतेकडे डोळे लावून बसावे लागे. तसाच नांगर येथेच ओतता आला, तर शेतकरी तो घेईल, असा लक्ष्मणरावांचा हिशेब होता.

९/ हिशेब चुकला. नांगर तयार झाले, पण दोन वर्षांत एकही विकला गेला नाही. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती. यशोगाथांमध्ये हा प्रसंग बहुधा अडाणी शेतकरी आणि द्रष्टा उद्योजक असा रंगविला जातो. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते, आणि ते पाहिल्याखेरीज पुढचे यशही नीट समजत नाही.

१०/ लाकडी नांगर गावचा सुतार घडवी व दुरुस्त करी, लोखंडी फाळ लोहार शेवटून देई. मोबदला सुगीला धान्याच्या रूपात, म्हणजे बलुत्यात. त्यासाठी रोख पैसा लागत नसे. लोखंडी नांगराला रोख रक्कम हवी आणि तो मोडला तर गावात कोणालाही दुरुस्त करता येणार नाही. रोकड मिळवायची तर सावकाराकडे जावे लागे. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या. त्या आठवणीला अजून तीस वर्षेही झाली नव्हती. 'लोखंड विषारी आहे' या म्हणण्यात भोळेपणा असेल, पण त्यामागची सावधगिरी अनुभवाची होती.

११/ वाद घालून ही शंका दूर होणार नव्हती. शेतात नांगर चालवून दाखविणे हाच मार्ग होता. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा खोलवर मुळे धरतात. ती मुळे उपटण्यासाठी जड लाकडी नांगराला बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत. लोखंडी नांगर माती नुसती चिरीत नसे, ती पालथी घालीत असे. एकाच्या शेतातला तण मेला की बांधापलीकडचा शेतकरी आपोआप पाहायला येई. दोन वर्षांच्या प्रतीक्षेनंतर विक्री सुरू झाली आणि ती वाढत गेली. आष्टा, वाळवा, तासगाव या पट्ट्यातील शेती पाहिली की या नांगराला पुढे एवढी मागणी का आली, हे उमगते.

१२/ धंद्याला बाळसे धरू लागते न लागते, तोच बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडण्यास सांगितले. शहराच्या विस्तारासाठी ती जमीन हवी होती. कारखाना म्हणजे भट्टी, यंत्रे, साचे आणि त्यांवर पोट असलेली माणसे. असा पसारा हलवायचा तर पैसा हवा आणि जायला ठिकाण हवे. लक्ष्मणरावांजवळ दोन्ही नव्हते. चित्रकला निसर्गाने हिरावली, नोकरी राजवटीच्या पक्षपाताने सोडावी लागली, आणि कारखान्याची जागा एका ठरावाने गेली. तिन्ही वेळा त्यांच्या कर्तृत्वात उणीव नव्हती. कर्तृत्व पुरेसे ठरले नाही, एवढेच.

१३/ या वेळी हात पुढे आला तो औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा. बाळासाहेब १९०९ मध्ये गादीवर आले होते. ते स्वतः चित्रकार होते, सूर्यनमस्काराचे निष्ठावान प्रचारक होते. लक्ष्मणरावांशी त्यांचा आधीपासून परिचय होता. औंध हे छोटे संस्थान होते आणि त्याचा मुलूख सलगही नव्हता. औंध, आटपाडी, कुंडल असे त्याचे तुकडे इंग्रजी सातारा जिल्ह्यात आणि आसपास विखुरले होते. आष्टा इंग्रजी अमलात आणि कृष्णेपलीकडे काही कोसांवरचे कुंडल संस्थानी अमलात, असा तो नकाशा होता.

१४/ बाळासाहेबांनी लक्ष्मणरावांना आपल्या संस्थानात हवी ती जागा निवडण्यास सांगितले आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. लक्ष्मणरावांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर पडीक जमीन निवडली. सुपीक जमीन सोडून खडकाळ माळ घेण्यामागे कारण एकच होते : आगगाडी. बेळगाव आणि कुंडल रोड एकाच लोहमार्गावर होते. कच्चे लोखंड व कोळसा आणणे आणि नांगर गावोगाव पाठविणे, दोन्ही त्या रुळांवर अवलंबून होते. पाणी आणता येईल, झाडे लावता येतील. लोहमार्ग मात्र खाजगी कारखानदाराला आणता येणार नव्हता.

१५/ १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापना-दिन मानला जातो. लक्ष्मणरावांबरोबर सुमारे पंचवीस कामगार आपापल्या कुटुंबांसह बेळगाव सोडून आले. स्थलांतराचा इतिहास लिहिताना मालकाचे नाव राहते आणि ही कुटुंबे आकड्यात विरून जातात. मालकाने आपल्या कल्पनेवर विश्वास ठेवला. या माणसांनी दुसऱ्याच्या कल्पनेवर विश्वास ठेवला. घर, शाळा, वैद्य, बाजार यांपैकी काहीही नसलेल्या माळावर लहान मुले घेऊन येणाऱ्या स्त्रियांच्या मनात काय असेल, याची नोंद कोणत्याही हिशेबवहीत सापडणार नाही.

१६/ त्या माळावर केवळ कारखाना नव्हे, तर गाव वसवायचे, हे लक्ष्मणरावांनी आधीच ठरविले होते. इंग्लंडमधील पोर्ट सनलाइट आणि बोर्नव्हिल या कामगार-वसाहतींविषयी त्यांनी वाचले होते. वसाहतीची आखणी आणि कारभार रामूअण्णांनी हाती घेतला. शंभोराव जांभेकर यंत्रांचे जाणकार, मंगेशराव रेगे हिशेब सांभाळणारे, के. के. कुलकर्णी पडेल ते काम करणारे आणि अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले पण कल्पक कारागीर, अशी ही मंडळी होती. एकाही मोठ्या पदवीचा आधार नसलेल्या या माणसांनी हिंदुस्थानातील सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक उभी केली.

१७/ वसाहतीच्या रखवालीची कथा विशेष आहे. संपूर्ण जातीच्या जाती जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा इंग्रज सरकार १८७१ पासून राबवीत होते. अशा काळात लक्ष्मणरावांनी दरोड्याची शिक्षा भोगलेल्या तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांना रात्रीचे पहारेकरी नेमले. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास मनाई होती. स्वतः उपरा म्हणून आलेल्या माणसाने इतर वगळलेल्यांनाही जागा दिली, असे म्हणता येईल. मात्र घर, पाणी, रोजगार आणि आचरणाचे नियम हे सारे एकाच मालकाच्या हाती एकवटलेल्या या व्यवस्थेचे स्वरूप पालकत्वाचे होते, हेही नजरेआड करता येत नाही.

१८/ १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी अवजारांची आवक मंदावल्याने देशी नांगराला मागणी आली, पण त्याच युद्धाने लोखंड व कोळशाची टंचाई आणली. गिऱ्हाईक दाराशी आणि भट्टी रिकामी, अशी अवस्था झाली. या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या. युरोपात लोखंडाच्या तोफा होत असताना कृष्णाकाठी तोफांचे नांगर झाले. याही प्रसंगी अडचणीतून सोडविणारा हात बाहेरचाच होता.

१९/ जानेवारी १९२० मध्ये 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' ही कंपनी नोंदली गेली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. आरंभी कारखान्याच्या मालाची माहिती देणारे हे पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' त्याच्या जोडीला आली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून १९२६ मध्ये पदवी घेऊन परतले. नांगर, उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे यांच्या जोडीला पाण्याचे पंप आले.

२०/ १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. ज्या शेतकऱ्याच्या हाती रोकड नाही, तो नांगर कशाने घेणार? बलुत्याच्या काळातला जुना प्रश्न नव्या रूपात पुन्हा उभा राहिला. केवळ शेतीच्या अवजारांवर विसंबून राहणे धोक्याचे आहे, हा धडा घेऊन कारखान्याने इतर यंत्रांकडे आणि लोखंडी फर्निचरकडे मोर्चा वळविला. पुढे हरिहर, बंगळूर आणि पुण्याजवळ खडकी येथे नवे कारखाने निघाले. एका माळावरून निघालेला हा उद्योग स्वतःच स्थलांतर करू लागला होता.

२१/ सर्वांत कठोर आघात उतारवयात झाला. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी मराठी ब्राह्मण असल्याचे कळताच सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांच्या घरांवर आणि व्यवसायांवर हल्ले झाले. किर्लोस्करवाडीचा कारखानाही जमावाने पेटविला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. चार दशके ज्या मातीत घालविली, तिथे आपण अजूनही परके मानले जाऊ शकतो, हे त्यांना त्या ज्वाळांनी सांगितले. या आगीत आसपासच्या अनेक गावांतील कामगारांची रोजीरोटीही जळाली.

२२/ कारखाना पुन्हा उभा राहिला आणि वाडी ओस पडली नाही. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. संस्थाने विलीन झाल्याने कुंडल आणि आष्टा यांच्यामधली जुनी सरहद्दही पुसली गेली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीस, २० जून १९६९ रोजी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

२३/ लक्ष्मणरावांचे चरित्र जिद्दीचा वस्तुपाठ म्हणून सांगितले जाते, आणि जिद्द तर होतीच. परंतु रंगांधत्व आलेले, बढती नाकारलेले, जागेवरून उठविलेले कितीतरी जिद्दी लोक त्याच काळात होऊन गेले. त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. फरक पडला तो भावाच्या दुकानाने, संस्थानिकाच्या दहा हजारांनी, आधीच टाकलेल्या लोहमार्गाने, तोफा देणाऱ्या छत्रपतींनी आणि बेळगाव सोडून आलेल्या पंचवीस कुटुंबांनी.

२४/ यामुळे त्यांचे मोठेपण उणे होत नाही. मिळालेला प्रत्येक आधार त्यांनी फेडला, आणि फेडताना तो पुढच्या माणसाच्या हाती दिला. पहारा देणाऱ्या तुकारामापासून कारखान्यात घडलेल्या कामगारांपर्यंत. आजही दुष्काळी तालुक्यांतून, परक्या भाषेच्या मुलखांतून माणसे कृष्णाकाठी कामाला येतात. त्यांच्यापैकी कोणात किती जिद्द आहे, हे बाहेरून सांगता येणार नाही. पडीक का होईना, उभे राहण्यापुरती जमीन त्यांना कोणी देतो की नाही, एवढे मात्र पाहता येते.